चांदीला सांजचं हिरवं

कर्जत,
१२ जानेवारी २०२४

चि. सोनाली हिस,
अनेक आशीर्वाद. आईला साष्टांग नमस्कार सांग.

आईला फोनवर काही ऐकू येत नाही आणि मी ओरडायला लागलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून बघतो, तेव्हा पत्रच बरं. पत्र आलं की ती पदर सावरून बसते आणि तुला मोठ्यानं वाचायला लावते म्हणतेस, म्हणून हे ऐकवण्याजोगंच लिहितोय.

आई, या महिन्यात मी कोण कोण झालो ते ऐक. आधी झालो नदीकाठचे प्लॉट विकणारा. संक्रांतीनंतर जिथं उल्हास नदीत गुरांचे खूरसुद्धा नीट भिजत नाहीत, तिथं मी ‘खळाळत्या पाण्याच्या सोबतीनं सकाळचा चहा’ असं लिहून दिलं. मग एका हेडमास्तरांच्या निरोपाला मानपत्र लिहिलं. वाचून झाल्यावर मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘पदू, हे सगळं खरंच माझ्याबद्दल आहे का रे?’’ मग दोन लग्नपत्रिका, एका पुढाऱ्याच्या पुतण्याच्या वाढदिवसाचा बॅनर (विशेषणं संपली म्हणून ‘धडाडीचे’ दोनदा घातलं, कुणाला कळलं नाही), टेनिस बॉलच्या सामन्यांसाठी रिक्षातून फिरवायची घोषणा, आणि खालापूरच्या एका आजोबांच्या दहाव्याला वाचायचा जीवनपट. सध्या मधमाश्यांवर पुस्तिका चाललीय. तुला माहीतच आहे, मला कशाचंही महिनाभर वेड लागतं. आत्ता कुणी विचारलं तर राणी माशीच्या संसाराबद्दल मी तासभर बोलेन. पुढच्या महिन्यात सगळं विसरलेलं असेन आणि ठिबक सिंचनाचा जाणकार झालेला असेन.

एक मोठं काम दिवाळीत हातावेगळं झालं. शिळफाट्याचे पोपटशेठ, सिमेंट-सळईवाले, आता पुढारीही, त्यांचं आत्मचरित्र. त्यावर माझं नाव नाही, तसंच ठरलं होतं. तुझ्या हाती पडलं तर वाचत बसू नकोस. सगळी शेठची बढाई आहे, वेळ फुकट जाईल.

ऋतिकाच्या दहावीचं कसं काय? कमलेशरावांना नमस्कार. येत्या रविवारी येतोच.

तुझा,
दादा


मोहोपाडा,
१० मार्च २०२४

दादा,

यावेळी मायना नाही. ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं आणि हात अडला.

जानेवारीतला तुझा रविवार अजून उगवायचाय, ते जाऊ दे. परवा महिला दिनाचा कार्यक्रम होता इथं मैदानावर. शेठचा भलामोठा फोटो, समोर आम्ही बायका. प्रत्येकीला स्टीलचा डबा दिला आणि डब्यात पुस्तक, ‘शिळफाट्याचा पोर’. तू वाचू नकोस म्हणाला होतास. पण आईला दुपारचं काहीतरी वाचून दाखवावं लागतं आणि घरातली देवाची पुस्तकं ऐकून ऐकून तिला पाठ झालीत. कमलेश सेकंड शिफ्टला गेले, मी भांडी आवरली आणि वाचायला बसले. पहिली दोन प्रकरणं तू म्हणालास तशीच होती. तिसऱ्याचं नाव होतं ‘आईची पत्रं’.

दादा, मी मोठ्यानं वाचत होते रे. थांबायचं कळेपर्यंत निम्मं वाचून झालं होतं.

बाप मुंबईला गोदीत कामाला जातो आणि नाहीसा होतो. पत्र नाही, निरोप नाही. दीर म्हणायला लागतो, नवऱ्यानं टाकलेली बाई घरात कशाला, माहेरी धाडा. मग ती बाई पोराला हाताशी धरते आणि बापाच्या नावानं पत्र लिहवून घेते. पत्र ओळखीच्या भाजीवालीबरोबर मुंबईला जातं, दादरच्या पेटीत पडतं आणि शिक्का घेऊन घरी परत येतं. म्हाताऱ्या सासऱ्याला वाचता येत नाही, म्हणून तेच पोर तेच पत्र सगळ्या घरासमोर वाचून दाखवतं. म्हातारा डोळे पुसतो. बाईचं घर टिकतं.

तुम्ही लिहायला बसायचात त्या गोठ्याच्या जागी तू दुकानामागचं गोदाम केलंयस. भाजीवाल्या अंबाबाईचं नाव काढलंयस. बाकी सगळं आपलं. मी सहा वर्षांची होते, मला वाटायचं बा खरंच लिहितो. आईनं मला खरं सांगितलं ते माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि देवाची शपथ घातली. आपल्या तिघांखेरीज आणि अंबाबाईखेरीज हे कुणालाही ठाऊक नव्हतं. कमलेशना मी इतक्या वर्षांत सांगितलेलं नाही. तू ते डब्यातून वाटलंस.

आता आईचं ऐक. मला वाटलं ती उठून जाईल, नाहीतर तुला शिव्या घालेल. ती म्हणाली, ‘‘थांब. मागलं परत वाच.’’ मी परत वाचलं. ती हलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हंजी मी एकलीच नव्हते गं.’’

मला आधी कळलंच नाही. तिला वाटतंय शेठच्या आईनंही तेच केलं! ‘‘मला वाटायचं आसलं पाप माज्याच हातनं झालं,’’ म्हणाली. ‘‘म्हातारा मरताना पत्रं उशाशी घेऊन मेला. पोरगा लिवतो म्हणून. मी त्याला फशिवलं. ते माज्या जिवाला लागून व्हतं गं. पन त्या बाईनंबी केलं. तिनंबी पोराकडनं लिवून घेतलं.’’ आणि रडली. रडून झाल्यावर भाकरी मागितली.

तू हे का केलंस? फोन करू नकोस, फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळतोस. लिही.

सोनाली


कर्जत,
२६ मार्च २०२४

चि. सोनाली,

तू रागावणार हे धरूनच चाललो होतो, फक्त पुस्तक तुझ्या घरी डब्यातून येईल असं वाटलं नव्हतं.

पोपटशेठसमोर मी पावसाळाभर बसलो. माणूस तीन गोष्टींवर बोलतो: सातबारा, कोर्टाच्या तारखा आणि सळईचा भाव. म्हटलं, शेठ, आईबद्दल सांगा. म्हणाले, ‘‘आई चांगली व्हती.’’ संपलं. त्यांची आई गळ्यात पुतळ्यांची माळ घालून गाडीतून उतरायची, तिला कसलं आलंय दुःख! शेठ म्हणाले, ‘‘ते तुमी बघा. वाचताना बायका रडल्या पायजेत.’’ मी बसलो, खोडलं, परत बसलो. खोट्या आया लिहून बघितल्या, त्या खोट्याच वाटत होत्या. मग एका सकाळी गोठ्यातलं लिहायला घेतलं आणि थांबलोच नाही. सोने, तुला खोटं वाटेल, पण इतक्या वर्षांत मी लिहिलेलं तेवढंच चांगलं आहे.

शेठनी वाचलं आणि रडले. खरंच रडले. आता ते भाषणात सांगतात आणि सांगता सांगता रुमाल शोधतात. मला वाटतं त्यांना आता ते आठवायलाच लागलंय.

तू विचारशील, परत मागून घेता येईल का? नाही. मजकुरावर माझा हक्क नाही आणि हे मी लिहिलं असं कुठं बोलणार नाही, असं सही करून दिलंय. आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं त्याच कामातून झाली. तेव्हा तू विचारलं नव्हतंस कुठून झाली.

आणि एक लक्षात घे. आपल्या चांदी गाईला मी पुस्तकात घेतलेलं नाही. आई सांगायची तेवढं मी लिहायचो, पण शेवटची ओळ माझी स्वतःची असायची. चांदी तिथंच रवंथ करत उभी असायची, मला वाटायचं बानं तिचीही आठवण काढली पाहिजे. ‘चांदीला सांजचं हिरवं घालत जा, काळजी नसावी.’ ते ऐकून आजोबा उठून खरंच तिला हिरवं टाकायचे. ती ओळ मी शेठला दिली नाही. ती आपल्याकडेच आहे.

शेवटी बघ, आईला बरंच वाटलं ना? जन्मभराचं ओझं उतरलं म्हणतेस. मग आता तिला खरं सांगून काय साधणार?

दादा


मोहोपाडा,
१८ एप्रिल २०२४

दादा,

काय साधणार ते सांगते.

आईला त्या बाईला भेटायचंय. सकाळी उठली की पहिलं तेच. ‘‘जिती हाय का गं ती? शिळफाटा काय लांब नाय. टमटमनं जाऊन यू.’’ मी म्हटलं पायऱ्या उतरताना तुला धाप लागते. तर म्हणते, ‘‘ती माज्याहून म्हातारी आसंल. तिला किती धाप लागत आसंल.’’

धाप खरी आहे. तुला कळवलं नव्हतं. पनवेलला दाखवलं, डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, छातीत पाणी होतंय, फार काही करता येण्यासारखं नाही. पायावर सूज आहे. कर्जतहून मोहोपाडा तासाभराचा रस्ता आहे.

परवा तिनं ट्रंकेतून हिरवा खण काढून ठेवला. त्या बाईची ओटी भरायला. मला विचारलं, ‘‘पुस्तकात बघ, तिनं कुंकू पुसलं का?’’ मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. ‘‘नसंल पुसलं,’’ म्हणाली. ‘‘पत्रं येत व्हती तवर कसं पुसणार? आनि पत्रं आपनच धाडली, तर मग ती थांबली तरी कसं पुसणार?’’ चौतीस-पस्तीस वर्षं ही बाई रोज सकाळी कुंकू लावतेय आणि लावताना तिच्या मनात काय चालायचं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तुला कळलं होतं? पुस्तकात नाही, म्हणजे तुलाही नव्हतं कळलं.

मी तिच्याशी खोटं बोलून बोलून थकले. कधी सांगते शेठची आई गावाला गेलीय, कधी आजारी आहे. मी म्हणजे तूच झालेय. आणि तू म्हणतोस तिला बरं वाटतंय. तिला बरं वाटतंय ते एका नसलेल्या बाईच्या जिवावर, दादा. उद्या शेजारची कुणी बोलून गेली की शेठची आई कधीच वारली आणि चांगली सोन्यानं मढलेली होती, तर काय होईल? ती परत एकटी पडेल. पापीण म्हणून मरेल.

तू ये. तिच्यासमोर बस. सांग, आई, ती बाई तूच आहेस. ते पाप नव्हतं, तू आम्हाला घरात ठेवलंस, म्हणून मी लिहिलं. हे तुझ्याच तोंडून यायला हवं, मी सांगून उपयोग नाही. तिला वाईट वाटलं तरी चालेल. तू समोर असलास तर ती तुला मारेल आणि जेवायला वाढेल. माझं दुसरं काही मागणं नाही.

सोनाली


कर्जत,
११ मे २०२४

चि. सोनाली,

आईच्या तब्येतीचं वाचून जीव उडाला. लगेच निघणार होतो, पण पोपटशेठच्या पुस्तकाला जिल्ह्याच्या ठिकाणी कुठलासा पुरस्कार मिळालाय आणि त्यांचं भाषण मलाच लिहायचंय. त्यात आईवर पाच मिनिटं हवीत म्हणाले. शिवाय दुसरी आवृत्ती. माझा पाय इथून निघत नाही बघ.

पण मी नुसता बसलेलो नाही. तू म्हणतेस तिला त्या बाईला भेटायचंय. तर सोबत एक पत्र आहे. ते पाकिटातून आलं असं दाखव आणि वाच. हे वाचून आईच्या जिवाला शांती मिळेल आणि तुलाही रोज नवं काही सांगावं लागणार नाही. रागावू नकोस. आजवर कितीकांच्या नावानं लिहिलं, हे शेवटचं समज. आणि खरं सांगतो, फार मनापासून लिहिलंय.

दादा

(सोबतचं पत्र)

नाशिक

सौ. सुंदराबाई यांना सप्रेम नमस्कार.

तुमी माज्या भेटीची वाट बघताय असं कानावर आलं. मी लेकीकडं नाशकाला हाय. पाय गेलेत, प्रवास होत नाय. म्हणून हे नातीकडून लिवून घेतेय.

बाई, तुमी केलंत तेच मी केलं. लोकांना काय जातंय बोलायला! पोरं पदरात, धनी परागंदा, बाईनं करावं काय? आपण कुणाच्या घरावर दरोडा नाय घातला. म्हाताऱ्याला फसवलं म्हणून जिवाला लावून घेऊ नका. त्याला मरेपर्यंत पोरगा मिळाला, तो आपणच दिला. मीबी कुंकू पुसलं नाय. पुसणारबी नाय.

या जन्मी भेट नाय झाली तरी मनं भेटली. ओटीचा खण पोचला असं समजा. तब्येतीला जपा. गुरांना सांजचं हिरवं घालत जा, काळजी नसावी.

तुमची,
शिळफाट्याची बहीण


मोहोपाडा,
२ जून २०२४

दादा,

तुझं पत्र चार दिवस डाळीच्या डब्यामागं ठेवलं होतं. फाडणार होते. मग एका दुपारी आई म्हणाली, ‘‘ती मेली आसंल, तू मला सांगत नायस.’’ आणि मी हरले. काढलं आणि वाचलं.

ऐकताना तिचा चेहरा काय झाला होता ते तुला सांगून कळणार नाही. ‘‘त्याला मरेपर्यंत पोरगा मिळाला’’ इथं तिनं माझा हात धरला. मला वाटलं, दादा नीच आहे, पण त्याला लिहिता येतं. मग शेवटची ओळ आली. मी वाचून मोकळी झाले, माझ्या ध्यानातही आलं नाही.

आई म्हणाली, ‘‘शेवटलं परत वाच.’’

मी वाचलं.

‘‘आपन दुसऱ्या माळ्यावर ऱ्हातो,’’ आई म्हणाली. ‘‘हितं गुरं कुठली? नाशकाच्या बाईला माज्या गुरांचं काय पडलंय?’’

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली, खाली कंपनीची बस आली, माणसं उतरली, पांगली. मग ती हसली रे. ‘‘पदू येवडा मोठा झाला तरी चांदीला इसरला नाय.’’ थोड्या वेळानं हसू गेलं. तिच्या एकेक लक्षात येत होतं आणि मी नुसती बघत होते. ‘‘मंग त्या पुस्तकातलीबी...’’ एवढंच म्हणाली. मी मान हलवली. म्हणाली, ‘‘आन ते. परत वाच. आता माजं म्हणून वाच.’’

वाचलं. यावेळी ती रडली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘‘शेटनं चांगल्या घरात नेऊन ठिवलं मला.’’ मग म्हणाली, ‘‘कागद घे.’’ पुढचं सगळं तिचं आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही.

‘‘बाय गं, तुजं पत्र पोचलं. मला वाटलं व्हतं तू कुठंतरी हायेस. तुज्याशी मी रोज बोलत व्हते, भाजी निवडताना, अंग धुताना. आता कळलं तू नायस. मी परत एकली झाले. झाले तर झाले, सवय हाय.

पन तुज्या पोराला माजा निरोप सांग. त्याला म्हणावं, तुला दुसऱ्याच्या नावानं लिवायला मीच शिकवलं. दहा वर्साचा व्हतास. खेळायचं सोडून गोठ्यात बसवायची तुला. खोटं लिवायचं आनि चारचौघांत खऱ्यावानी वाचायचं. तुजा आवाज कापायचा तर मी मागनं चिमटा काढायची. तवा घर ऱ्हायचं व्हतं. आता कुणी घरातनं काढीत नाय आपल्याला. आता सोड की रं बाबा.

म्हणावं, एक पत्र तुज्या सोताच्या नावानं लिव. लांब नको. ‘आये, मी पदू’ येवडं लिवलंस तरी मला पुरे हाय. सोनी वाचंल, मी बसून ऐकीन. तू विकलंस म्हणून मी रागावली नाय. तू आला नायस म्हणून रागावले हाय.

चांदी कवाच मेली. तिला हिरवं घालाया सांगू नको.’’

खाली तिनं अंगठा उठवायचा हट्ट धरला, म्हणून तो निळा डाग आहे.

सोनाली


कर्जत,
४ ऑगस्ट २०२४

चि. सोनाली,

आईचं पत्र मिळालं. ते मी कुणाला दाखवलं नाही आणि कुठं वापरणारही नाही, एवढी खात्री बाळग.

लिहायला अनेकदा बसलो. ‘आई, मी पदू’ लिहितो आणि पुढं सुचत नाही. तेवढंच पाठवावं तर लाज वाटते, इतकं लिहिणारा माणूस आणि आईला तीन शब्द! दुसऱ्या कुणाचं असतं तर एका बैठकीत झालं असतं.

निवडणुकीचा हंगाम तोंडावर आहे, शेठची पत्रकं, गाणी, रिक्षावरच्या घोषणा सगळं माझ्याकडेच आहे. हे एकदा उरकलं की निवांत बसून तिला चांगलं लांबलचक लिहितो. तिला सांग, लवकरच.

दादा


मोहोपाडा,
१४ ऑक्टोबर २०२४

दादा,

दहाव्याला तू आईचा जीवनपट छापून आणलास आणि मी तो वाचू दिला नाही. घाटावर सगळ्यांदेखत तू मला कारण विचारलंस, मी उत्तर दिलं नाही. आता घे.

तुझी प्रत आधी कमलेशच्या हातात पडली. त्यांनी अर्ध्यापर्यंत वाचलं आणि मला म्हणाले, ‘‘अगं, हे तर शेठच्या आईचं हाय. तुझ्या दादानं पुस्तकातनं उचललं काय?’’ तुला ते वाचायचं होतं, त्या माणसांसमोर, ज्यांच्या घराघरात तो डबा आहे. तालुक्यात कुणीही मेलं की तुझ्याकडे धावतात, तू त्यांच्यासाठी काहीबाही शोधून काढतोस. आपल्या आईसाठी तुझ्याकडे एक ओळ शिल्लक राहिली नव्हती. पातळगंगेच्या काठावर आपली आई चोर ठरली असती, म्हणून तो गठ्ठा मी पिशवीत घातला.

आणि तू सांगितलंस म्हणूनच शेठ आले ना? माइक हातात घेऊन म्हणाले, ‘‘माझी आईबी अशीच व्हती.’’ बायका रडल्या. तू मान खाली घालून उभा होतास. मला तेव्हा तुझी कीव आली, पण ती टिकली नाही.

आता जे तुला सांगितलं नाही ते सांगते. जूनपासून पोस्टमन येऊन गेला की आई विचारायची, ‘‘आलं?’’ मी म्हणायची, नाही. ती म्हणायची, ‘‘लिवत आसंल.’’ ऑगस्टातली तुझी चिठ्ठी मी तिला वाचून दाखवली नाही. निवडणूक उरकली की आईला लिहिणार, हे मोठ्यानं वाचायला माझी जीभ धजावली नाही. सप्टेंबरात तिला आडवं होता येईना, उशा लावून बसवून ठेवायची. बोलणं तुटक झालं, पण दुपारी विचारायचं तिनं सोडलं नाही. मग मीच लिहिलं. तुझ्या नावानं.

‘आये, मी पदू. तू सांगितलंस तसं लिहायला बसलोय. दुसरं काही नाही, तुझी आठवण येते. गोठ्यात तू माझ्या पाठीशी बसायचीस, तुझ्या लुगड्याला काकडीचा वास यायचा, स्टेशनवर काकड्या विकून आलेली असायचीस. मला भीती वाटायची आणि तू मागं आहेस म्हणून वाटायची नाही. मी चुकलो. मी येतो. तुझा पदू.’

एवढंच. शेवटी चांदीचं लिहावं असं फार मनात आलं, पेन टेकवलंसुद्धा. पण नाही लिहिलं. ती ओळ तुझी होती. तेवढं खोटं माझ्याच्यानं झालं नाही.

पाकिटात घातलं, तिच्यासमोर फाडलं, वाचलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. मी थांबले तरी ती तशीच, कान देऊन. मग म्हणाली, ‘‘सरलं?’’

‘‘सरलं.’’

चाचपून तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, ‘‘सोने, तूबी शिकलीस गं.’’

त्यानंतर तिनं ‘आलं का’ विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी गेली. कुंकू मी लावून दिलं.

ओटीचा तो हिरवा खण तिच्याबरोबर दिला. तिचं पत्र तुझ्याकडे आहे, तेवढं जपून ठेव, नाहीतर कुणालातरी लागेल.

आता पत्र पाठवू नकोस. तुला सुचलं तरी नको. इथं ऐकायला कुणी बसलेलं नाही.

सोनाली